नाटकमंडळीचा थोरला भाऊ

मित्रांनो, मी बोरीच्या लाकडाचा एक जुना बाहुला आहे. तीन-चार महिन्यांच्या बाळाएवढा मी आहे. डोके, हात आणि पाय लाकडाचे, मधले अंग कापडाचे, आणि त्यात राळ्याचा भुसा भरलेला. गालांवरचा गुलाबी रंग आता जागोजागी उडाला आहे. मला बोलता येत नाही, रडता येत नाही. लाकडाला भीती वाटत असेल असे कुणाच्या मनातही येणार नाही, पण मला ती वाटते. माझे आयुष्य सांगायचे म्हणजे बरेचसे माझ्या भीतीविषयीच सांगायचे.

माझा जन्म पिवळ्या नदीच्या काठी, एका देवळाच्या आवारात झाला. तिथली जुनी बोर वादळात पडली. तिच्या लाकडातून आमच्या नाटकमंडळीसाठी टिपऱ्या करून घेतल्या. आमच्याकडच्या गाण्याला टिपऱ्यांचा ठेका लागतो, आणि बोरीसारखा खणखणीत आवाज दुसऱ्या लाकडाला नाही. उरलेला ओंडका मंडळीच्या मालकांनी मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने कोरून मला घडवले. डोळे सगळ्यात शेवटी झाले. तोवर मी नुसता पटाशीचा आवाज ऐकत होतो. डोळे उघडले आणि समोर एक भला मोठा चेहरा दिसला. तो रक्तासारखा लाल होता, काळ्या भुवया कपाळावर चढलेल्या होत्या. किंचाळता आले असते तर मी किंचाळलो असतो. तो चेहरा रंगवून बसलेला एक नट होता आणि मला बघून तो हसत होता, हे मला पुढे कळले. लाल चेहऱ्याचा माणूस एकनिष्ठ असतो आणि पांढऱ्या चेहऱ्याचा कपटी, हेही पुढे कळले. पण ती पहिली धडकी माझ्या लाकडात कुठेतरी राहूनच गेली.

आमच्या मंडळीत मला सगळे 'थोरला भाऊ' म्हणत. सत्तरीचे गवईसुद्धा म्हणत, कारण मी मंडळीचा राखणदार मानला जाई. रंगमंचावर जाण्याआधी प्रत्येक नट माझ्यापुढे हात जोडून उभा राही. पेटीत मात्र मला नेहमी पालथे ठेवत. मी उताणा झोपलो तर खेळ बिघडतो, अशी जुनी समजूत होती. त्यामुळे जगापेक्षा पेटीचा तळच माझ्या जास्त ओळखीचा. पाठीवर राजाराण्यांचे जरीचे झगे, नाकाशी कापराचा वास, आणि वरून झाकण पडले की अंधार. इतका मान असूनही मला रोज वाटे की आता हे झाकण कुणी उघडणारच नाही.

मग झाकण उघडे आणि मी उजेडात येई. मित्रांनो, आमचा रंगमंच तुम्ही पाहिला तर तुम्हाला नवल वाटेल. तिथे एक मेज आणि दोन खुर्च्या यांपलीकडे काही नसते. नटाच्या हातात चाबूक आला की त्याच्याखाली घोडा आहे असे समजायचे. वल्हे आले की नदी. लांब पांढऱ्या बाह्या एकदा उडवल्या की राग, हळूच गोळा केल्या की लाज. बाकी सगळे बघणाऱ्यांनी स्वतःच्या मनात उभे करायचे. त्यात माझीच मोठी पंचाईत होती. चाबूक घोड्यासारखा दिसत नाही, म्हणून लोकांना घोडा दिसतो. मी अगदी बाळासारखा दिसतो, म्हणून लोकांना लाकूडच दिसते. मला जिवंत करणे हे या कलेतले फार अवघड काम मानले जाई.

ते काम वेन्शिउला जमले.

वेन्शिउ नदीपलीकडच्या गावातून लहानपणीच मंडळीत आली होती. माझ्या मालकांचे चिरंजीव वेइ वस्ताद तिला शिकवत. थंडीत बर्फावर चालून पाऊल हलके करायचे, तोंडात पाणी धरून मान स्थिर ठेवायची, उदबत्तीच्या धुरामागे नजर फिरवायची, असे तिचे शिक्षण झाले. शेवटी वस्तादांनी मला तिच्या हातात दिले. खेळ असा होता, की शत्रू वेशीपाशी आला आहे आणि राणी आपले तान्हे बाळ एका नावाड्याच्या हवाली करते. वेन्शिउने मला छातीशी धरले आणि ती गाता गाता रडू लागली. वस्तादांनी टिपऱ्या थांबवल्या.

"रडू नको," ते म्हणाले. "पोर हातात असताना आई रडत नसते, पोरी. ती ऐकत असते."

तेव्हापासून ती मला ऐकू लागली. पुढे ती मोठी नटी झाली, गावोगावी देवळांसमोरच्या चौथऱ्यांवर आमचे खेळ झाले, आणि तो प्रसंग आला की ती ओळ अर्धी सोडून कान खाली झुकवी. वाजवणारे थबकत. मैदानभर पसरलेली माणसे कलिंगडाच्या बिया फोडायची थांबत. मग ती अगदी सावकाश माझ्या अंगावरचे पांघरूण सारखे करी आणि पुढची ओळ इतक्या हळू घेई, की बाळ जागे होईल म्हणून सगळे मैदान श्वास धरून बसे. एकदा एका म्हातारीने खेळ संपल्यावर पडद्यामागे पेजेचा वाडगा पाठवला होता, बाळासाठी. तेवढ्या वेळात मला भीती वाटत नसे.

असे दिवस होते. मग तो उन्हाळा आला.

त्या वर्षी वेन्शिउला मुलगी झाली. शेतात दाणा भरू लागतो त्या सुमारास ती जन्मली, म्हणून तिचे नाव श्याओमान, म्हणजे 'थोडे भरलेले'. वेन्शिउचा नवरा दूर कोळशाच्या खाणीत कामाला होता, घरी ती आणि सासू. आमचे जुने खेळ आधीच बंद झाले होते. राजे, राण्या, देव यांचे काही नको, असा सरकारचा हुकूम होता. पेटीला कुलूप लागले. मी तळाशी पालथा पडून बाहेरचे ऐकत राही. आधी भोंग्यांवरची भाषणे ऐकू आली. मग जुने ते सगळे मोडायला निघालेली, दंडाला लाल पट्टे बांधलेली तरुण मुले-मुली शहरातून आली. देवळातल्या मूर्ती फोडल्याचे आवाज मी ऐकले. मग एक वास येऊ लागला. जळत्या केसांसारखा. पेटीतल्या झग्यांनी तो माझ्याआधी ओळखला असावा. शेजारच्या तालुक्यातल्या मंडळीचे रेशीम जळत होते.

आमच्यातल्याच एका नटाने त्या मुलांना सांगितले, की वेइकडे एक लाकडाचा देव आहे आणि सगळे त्याच्या पाया पडतात. हा नट माझ्यापुढे सगळ्यांत खाली वाकत असे. मी त्याच्यावर रागावलो नाही. भीती माणसाकडून काय काय करवते ते मला ठाऊक आहे.

एका सकाळी झगे उन्हात घालायच्या निमित्ताने वेन्शिउने पेटी उघडली. वस्ताद अंगणात बसले होते. तिने मला ओल्या कपड्यांच्या टोपलीत दडवले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"वस्ताद, झगे काही वाचत नाहीत. थोरल्या भावाला मी नेते."

"कुठं?" त्यांच्या तोंडून निघून गेले. लगेच त्यांनी हात वर केला. "नको, सांगू नको. मला जे माहीतच नाही ते मला कितीही मारलं तरी बाहेर यायचं नाही."

ती वळली तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "आणि हे बघ. वेळ आलीच तर नदीत टाकून दे त्याला. बोरीचं लाकूड दुसरं मिळेल. तू नाही मिळायची."

घरी सासूने टोपलीतून मी निघालेला पाहिला आणि कपाळावर हात मारला. वेन्शिउचा बेत सोपा होता आणि म्हणूनच भयंकर होता. तिला तान्हे मूल आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. मला श्याओमानच्या दुपट्यात गुंडाळायचे, तोंडावर माश्यांसाठी टाकतात तसे पातळ फडके टाकायचे आणि भरदिवसा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नदी ओलांडून आपल्या आईकडे न्यायचे. तोवर खरी श्याओमान आतल्या खोलीत राहणार. ती मोठ्याने रडली आणि ते कुणी ऐकले, तर सगळेच संपले.

"लाकडाचं पोर छातीशी धरायचं आणि पोटचं पोर माझ्या गळ्यात टाकायचं," सासू म्हणाली. "बरं शिकवलंय तुझ्या वस्तादानं. माझ्या अंगावर दूध आहे का आता?" एवढे बोलून तिने स्वतःच श्याओमानच्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. टोपी अजून कोमट होती. "दिवस मावळायच्या आत ये. पेजेच्या निवळीवर ही पोर किती दम काढेल, मला नाही सांगता येत."

वेन्शिउने श्याओमानला पाजले नाही. ती झोपली होती, आणि उठवली असती तर रडली असती. दारातून तिने एकदा मागे पाहिले आणि आम्ही निघालो.

नदीवर जाणारी वाट खळ्यावरून जात होती. खळ्यात आग पेटली होती. फडक्यातून मला सगळे धूसर दिसत होते. कुणाचा तरी नक्षीदार झगा आगीत पडला, त्याची एक बाही गरम हवेने वर उचलली गेली आणि क्षणभर कुणी हात हलवल्यासारखी हलली. मुकुटांचे मणी लाह्यांसारखे फुटत होते. वेन्शिउ थांबली नाही. तिचे पाऊल एकसारखे पडत होते, पण दुपट्याखालचे तिचे हात बर्फासारखे गार होते.

नावेपाशी रांग होती. जुन्या वस्तू नदीपार नेऊन लपवल्या जात होत्या, म्हणून लाल पट्टेवाले प्रत्येकाचे गाठोडे तपासत होते. आमच्यापुढच्या एका म्हाताऱ्याची टोपली त्यांनी उलटी केली. तिच्यातून निघालेला पितळेचा लहानसा देव त्यांनी तिथेच दगडाने चेपला आणि म्हाताऱ्याला उन्हात गुडघ्यांवर बसवले. मग आमची पाळी आली.

समोर दोन वेण्या घातलेली, जेमतेम सतरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या मागे काठी घेतलेला एक दांडगा मुलगा उभा होता.

"तू ती राणी व्हायचीस ना?" मुलीने विचारले.

"व्हायचे. आता धुणी धुते."

"कुठं निघालीस?"

"पलीकडं, आईकडं. पोरीला बरं नाही."

"पोरीचं तोंड दाखव."

वेन्शिउ म्हणाली की अंगात ताप आहे, वारे लागेल. मुलगी म्हणाली, तोंड बघायला कितीसा वेळ लागतो, आणि तिने फडक्याकडे हात नेला. तिच्या बोटांच्या सावलीने माझे डोळे झाकले. मित्रांनो, पेटीचा अंधार, आग, सगळे मी त्या सावलीपुढे विसरलो.

वेन्शिउ मागे सरली नाही. तिने फक्त कान खाली झुकवला. अगदी रंगमंचावर झुकवी तसा. रांगेतली कुजबुज थांबली आणि मुलीचा हात हवेतच राहिला. पण मागचा तो मुलगा पुढे आला.

"नटी आहे ती," तो म्हणाला. "नाटक करतेय. काढ ते फडकं."

आणि ते खरेच होते. तिने आयुष्यभर कमावलेली विद्याच आता तिच्यावर उलटणार होती. जितके सुंदर करावे तितका संशय वाढणार. तिच्याजवळ दुसरे काहीच नव्हते.

तेवढ्यात रांगेच्या टोकाला एका कुंभारणीचे तान्हे मूल रडू लागले. भुकेचे रडे होते ते. वेन्शिउने सकाळपासून श्याओमानला पाजले नव्हते. ते रडे तिच्या कानावर पडले मात्र, तिला पान्हा फुटला. तिच्या निळ्या सदऱ्यावर दोन ओले डाग उमटले आणि बघता बघता पसरले. तिने लाजून दुपटे वर ओढले. ती मानेपर्यंत लाल झाली होती. ते नाटक नव्हते. तसे नाटक कुणालाच करता येत नाही.

त्या मुलीने ते पाहिले. तिचा स्वतःचाच चेहरा उतरला. बहुधा तिच्या घरीही धाकटे भावंड असावे. तिने त्या मुलाच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे लोटले.

"तिकडं तोंड कर," ती त्याला म्हणाली. मग वेन्शिउकडे न बघता म्हणाली, "ताई, आधी पाजा तिला. तिथं सावलीत बसा."

नावेच्या सावलीत वेन्शिउ लोकांकडे पाठ करून बसली. ती मुलगी आमच्याकडे पाठ करून आडोशाला उभी राहिली, कुणी बघू नये म्हणून. आता पाजल्यावाचून सुटका नव्हती. वेन्शिउने फडके बाजूला केले आणि मला छातीशी घेतले.

मला आजवर लोकांनी धूप दाखवला होता, चहा ठेवला होता, नमस्कार केले होते. असे काही कुणी दिले नव्हते. माझ्या रंगवलेल्या ओठांवरून दूध ओघळले, हनुवटीवरून खाली गेले आणि अंगातल्या भुशात मुरले. ती हलक्या आवाजात म्हणत होती, "श्याओमान, श्याओमान." वस्तादांनी टोकल्यापासून मला हातात घेऊन ती कधी रडली नव्हती, पण आता रडत होती. मला तेव्हा वाटलेली भीती अगदी निराळी होती. फडके उचलले जाण्याची ती नव्हती. हे दूध माझे नव्हते. ज्या जिवाचे होते तो जीव अंधाऱ्या खोलीत भुकेने हातपाय झाडत असेल, आणि मी लाकूड असून त्याचा वाटा घेत होतो.

नाव सुटली. मधल्या धारेत पाणी गढूळ आणि जोराचे होते. वेन्शिउ काठाशी बसून पाण्याकडे बघत राहिली. तिच्या मिठीचा जोर कमी झालेला मला जाणवला. वस्तादांचे शब्द तिला आठवत असणार. मी म्हटले, टाक. मनातल्या मनात किती वेळा म्हटले. तिचे हात पुन्हा आवळले आणि नाव पैलतीराला लागली.

तिची आई डोंगर कोरून केलेल्या घरात एकटी राहत असे. मला बघून ती इतकी घाबरली, की तिने आधी दार लावले आणि मगच श्वास घेतला. घराच्या मागच्या अंगाला शिरक्याचे मोठे रिकामे रांजण होते. त्यांतल्या एकात भुसा भरून तिने मला ठेवले. वेन्शिउला थांबायला वेळ नव्हता. पण परत जाताना तिच्या हातात बाळ नको का? त्या मुलीने विचारले असते. मग आईने परसातला एक भोपळा आणला, दोघींनी तो त्याच दुपट्यात गुंडाळला आणि त्यावर तीच टोपी घातली. असे ते बाळ एका दिवसात दोनदा नदी ओलांडून गेले, आणि दोन्ही वेळा ते बाळ नव्हते. नावेपाशी ती मुलगी होतीच. तिने नुसती मान हलवून जा म्हटले.

घरी पोचेपर्यंत श्याओमान रडून रडून गळून गेली होती. सासूने तिला वेन्शिउच्या मांडीवर दिले.

हे परतीचे आणि पुढचे मी पाहिलेले नाही. ते मला वेन्शिउने पुष्कळ वर्षांनी सांगितले. लाल पट्टेवाल्यांनी वेइ वस्तादांना त्यांच्याच रंगमंचावर उभे केले, अपमान करायला डोक्यावर कागदाची उंच टोपी घातली. लाकडाचा देव कुठे आहे, असे विचारू लागले. वस्ताद म्हणाले, शेवया शिजवायला सरपण नव्हते, चुलीत घातला. कुणाचा विश्वास बसला नाही. त्यांना मारले. एका कानातून रक्त आले आणि त्या कानाने त्यांना पुन्हा कधी ऐकू आले नाही. वेन्शिउ गर्दीत उभी होती. एका शब्दात ती ते थांबवू शकत होती. तिने तोंड उघडलेसुद्धा. पण वस्तादांची नजर तिच्यावर पडली. शागीर्द चुकीच्या मात्रेवर उठू लागला की ते जशी मान हलवत, तशी त्यांनी किंचित हलवली. तिने तोंड मिटले. ती म्हणाली, ते मिटलेले तोंड त्यानंतर तिच्याने कधी पुरते उघडले नाही.

मी रांजणात होतो. किती काळ, ते मला कळण्याचा मार्ग नव्हता. शिरक्याचा आंबट वास माझ्या लाकडात भिनला. एका उंदराने माझा कान कुरतडला आणि मी काही करू शकलो नाही. एकदा जप्तीची माणसे आली. एकाने माझ्या रांजणाचे झाकण उचलले, वासाने तोंड फिरवले आणि पुन्हा टाकले. त्या संध्याकाळी वेन्शिउची आई रांजणापाशी येऊन बसली. "थोरल्या," ती म्हणाली, "तुझं मला फार भय वाटतं बघ. पण तू आतच राहा." घाबरलेल्या माणसाने घाबरलेल्याला दिलेला तो धीर होता.

वस्ताद एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याविषयी एकदाही विचारले नव्हते. शेवटच्या दिवशी वेन्शिउ त्यांचे पाय चोळत बसली होती. ते म्हणाले, "सांगायचं असेल तर आता सांग. आता मला कोण काय विचारणार?"

ती त्यांच्या धड कानाशी वाकली. "सुखरूप आहे, वस्ताद."

"आणि पोरगी?"

"दोघंही."

त्यावर त्यांनी डोळे मिटले.

मग काळ पालटला. जुने खेळ पुन्हा करायला परवानगी मिळाली. वेन्शिउ मला न्यायला आली तेव्हा तिच्या केसांत पांढरे दिसत होते आणि तिच्यासोबत बारा-तेरा वर्षांची श्याओमान होती. वेन्शिउने मला भुशातून काढून बाहीने पुसले आणि त्या दिवसाची हकीकत लेकीला पहिल्यांदाच सांगितली. श्याओमानने माझ्याकडे बघितले. ती नजर मी विसरलेलो नाही.

"याच्यासाठी मला उपाशी ठेवलंस?" ती म्हणाली. "तुला धरलं असतं तर? मी कुठं गेले असते?"

वेन्शिउने माझ्या कानातला भुसा बोटाने काढला. "बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही," ती म्हणाली. "पण वस्तादांनी मला दिलं ते सगळं हवेत विरणारं होतं गं. आवाज, पाऊल, नजर. मुठीत धरता येईल असं एवढंच होतं."

लेकीचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही. श्याओमान मोठी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत परिचारिका झाली. आईचा एकही खेळ तिने शेवटपर्यंत बसून पाहिला नाही.

आमचा पहिला खेळ उसन्या झग्यांवर झाला. माणसे डोंगर उतरून आली होती. वेन्शिउने तोंड उघडण्याआधीच म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या. काही वर्षे तशी गेली. मग घरोघरी हलत्या चित्रांचे पडदे आले, मग हातात मावणारे पडदे आले. चांगले शिकलेले नट कारखान्यांत निघून गेले. रिकाम्या बाकांसमोर टिपऱ्या वाजू लागल्या की त्यांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. वेन्शिउ थकली, तिचे हात कापू लागले आणि तिने माझे काम एका तरुण नटीकडे दिले. गेल्या वर्षी मंडळीत विषय निघाला, की हा बाहुला जड आहे, त्यापेक्षा हलका प्लॅस्टिकचा आणू, आणि याला शहरातल्या एखाद्या शौकिनाला देऊन टाकू. कुणी रागाने बोलत नव्हते. मला जाळायला निघालेल्यांना निदान मी कुणीतरी आहे असे वाटत होते. या मवाळ बोलण्याने मी जास्त घाबरलो.

वेन्शिउ या वसंतात गेली. तिच्या खेळातल्या लांब पांढऱ्या बाह्या आणि केसांतल्या पिना परत करायला श्याओमान नाट्यगृहात आली. तीही आता साठीला पोचली आहे. रंगमंचावर तालीम चालू होती. ती तरुण नटी मला काखेत सरपणाच्या मोळीसारखे धरून गात होती. श्याओमान वस्तू ठेवून निघालीच होती, पण दारात थबकली. मग ती सरळ रंगमंचावर चढली.

"असं धरतात होय बाळाला?" ती म्हणाली. "मान मोडेल त्याची."

तिने मला काढून घेतले. हजारो बाळे झेललेला तिचा तळवा आपोआप माझ्या मानेखाली गेला. मग तिचे तिलाच ते लक्षात आले आणि ती तशीच उभी राहिली. नटीने हात पुढे केला, पण श्याओमानने मला लगेच परत दिले नाही.

"जड आहे," ती म्हणाली. "हाच ठेवा. आणि हात असा घे, मी दाखवते."

मित्रांनो, नव्या बाळाची मान कच्ची असते हे तुम्ही घरी पाहिले असेल. जुन्या कलेचे तसेच असते. तिला मारणारे हात कित्येक वर्षांतून कधीतरी येतात, पण तिची मान जाते ती बहुतेक वेळा कुणी नीट न धरल्यामुळे. तुमच्या गावातही कुठेतरी एखादी पेटी असेल, एखादे वाद्य असेल, आजीच्या तोंडी अर्धवट राहिलेले एखादे गाणे असेल. ते तुम्हाला आवडलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. श्याओमानला मी अजूनही फारसा आवडत नाही. तरी दर आठवड्याला ती येते, त्या तरुण नटीसमोर उभी राहते आणि म्हणते, "तळवा खाली. अजून खाली. हं, आता म्हण."